रिदम गेममध्ये बोटांचा वेग वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिदम गेम म्हणजे गाण्याच्या तालावर बटणं दाबायचा खेळ. ओसूसारखा कीबोर्डवरचा खेळ असो की फोनवर पडणाऱ्या पट्ट्या, एका टप्प्यावर बहुतेकांची गाडी अडते. डोळ्यांना नोट (पडद्यावरची दाबायची खूण) दिसते, कानाला ताल कळतो, पण बोट मागे राहतं. मग कुणी रोज चार-चार तास टॅप करत बसतं, कुणी महागडा कीबोर्ड मागवतं, कुणी मनगट दुखवून घेतं. खेळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे जास्त सांगण्यासारखं आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

माझी बोटं ठरावीक बीपीएमच्या (गाण्याचे मिनिटाला पडणारे ठोके) पुढे जातच नाहीत. हीच माझी मर्यादा समजायची का?

बहुतेक वेळा नाही. आधी हिशोब मांडू. ओसूमधल्या नेहमीच्या स्ट्रीममध्ये, म्हणजे सलग येणाऱ्या नोट्सच्या माळेत, गाण्याच्या एका ठोक्यात चार नोट्स असतात. म्हणजे १८० बीपीएमला मिनिटाला ७२० नोट्स, सेकंदाला १२. दोन बोटं आळीपाळीने वापरली तर एका बोटाच्या वाट्याला सेकंदाला सहा येतात. २०० बीपीएमला हा आकडा पावणेसातच्या जवळ जातो आणि २४० ला आठवर.

आता दुसरी बाजू. मेंदूच्या तपासणीत बोट आपटण्याची एक जुनी चाचणी वापरतात, हॉलस्टेड-रायटन संचातली. तर्जनीने एक छोटी तरफ १० सेकंदांत जमेल तितक्या वेळा दाबायची. निरोगी तरुण माणूस नेहमी वापरायच्या हाताने साधारण ५० च्या आसपास पोचतो, दुसरा हात त्याच्या थोडा मागे राहतो. म्हणजे एका बोटाचे सेकंदाला पाच ठोके. दोन बोटांचे दहा, आणि सेकंदाला दहा नोट्स म्हणजे बरोबर १५० बीपीएम. नवा खेळाडू १५०-१६० च्या आसपास अडकला तर त्यात नवल काही नाही. कुठलाही सराव न केलेल्या हाताची ती मजल आहे. हलकी की आणि थोडा सराव मिळाला की बहुतेकांचा हात त्यापुढे जातो.

मग खरी मर्यादा असते तरी कुठे?

बोटात तर नाहीच. बोटांमध्ये ती हलवणारे स्नायू जवळजवळ नसतातच. बोट वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, आणि त्यांच्या लांब कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. तळहातातले छोटे स्नायू त्यांना साथ देतात. टेबलावर हात ठेवून बोटं आपटा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरा, हालचाल तिथे जाणवेल.

मेंदूकडून निघालेला आदेश हाताच्या स्नायूपर्यंत यायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. ही अडचण नाही, कारण एक आदेश वाटेत असताना पुढचा निघू शकतो. अडचण आहे ती स्नायू सुटण्याची. बोट खाली नेणारा स्नायू आवळला जातो, मग तो सैल पडायला हवा, आणि तेवढ्यात बोट वर नेणाऱ्या स्नायूने काम सुरू करायला हवं. वेग वाढला की या दोघांच्या वेळा एकमेकांवर चढतात आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणले जातात. हात दगडासारखा घट्ट होतो, बोट मधेच लटकतं आणि दमणूक दुप्पट होते.

जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे ड्रम वाजवणाऱ्यांवर मोजून दाखवलं. त्यांनी ड्रम न वाजवणारे, ड्रमर आणि जगातला सर्वांत वेगवान ड्रमर ठरवणाऱ्या स्पर्धेचा एक विजेता यांच्या मनगटाच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदवली. विजेत्याचे स्नायू स्पष्टपणे आळीपाळीने काम करत होते. एक चालू असताना दुसरा सुटलेला असायचा. त्याचा हात सेकंदाला दहा ठोके देत होता. पुढे २०१३ मध्ये कॅनडाच्या टॉम ग्रोसेटने अशाच स्पर्धेत दोन हातांनी ६० सेकंदांत १२०८ ठोके दिले, म्हणजे एका हाताचे पुन्हा सेकंदाला दहाच. ही मनगटाची गोष्ट आहे, एकेका बोटाची नाही, पण माणसाचा हात कुठवर जातो याचा अंदाज त्यातून येतो.

माझं म्हणणं इतकंच, आणि खालची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत: वेग जोरात दाबण्याने येत नाही, वेळेवर सोडण्याने येतो.

नोट बघून बोट हलवायला वेळ लागतो. माझा रिअ‍ॅक्शन टाइमच कमी पडत असेल का?

डोळ्यांनी बघून बोट दाबायला कुणालाही साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. २०० बीपीएमच्या स्ट्रीममध्ये दोन नोट्समधलं अंतर ७५ मिलिसेकंद असतं. म्हणजे प्रत्येक नोट बघून वेगळी दाबणं जगात कुणालाच जमणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी १९५१ मध्ये वादकांविषयी हाच मुद्दा मांडला होता. बोटं सेकंदाला सोळा वेळा पडत असतील, तर एका हालचालीची जाणीव मेंदूपर्यंत जाऊन तिथून पुढची हालचाल सुटते असं होऊच शकत नाही. हालचालींची पूर्ण लड आधीच रचलेली असते.

रिदम गेममध्येही तेच होतं. तुम्ही पुढचा तुकडा वाचता, कान त्याला तालात बसवतो आणि बोटं तो एकदम सोडतात. म्हणून रिअ‍ॅक्शन टाइम तपासणाऱ्या वेबसाइटवर वेळ घालवू नका. नोट्स गर्दीत वाचता येत नसतील तर तो वाचनाचा प्रश्न आहे. स्क्रोलचा वेग (नोट्स सरकण्याचा वेग) किंवा मॅप (गाण्यासाठी रचलेल्या नोट्स) बदलून त्यावर काम करा.

कोणती दोन बोटं वापरावीत?

तर्जनी आणि मधलं बोट. यावर वाद घालणारे भेटतील, पण शरीररचना या जोडीच्या बाजूने आहे. तर्जनीला उचलणारा स्वतःचा वेगळा स्नायू असतो. करंगळीलाही असतो. मधलं बोट आणि अनामिका यांना तो नाही, शिवाय हाताच्या पाठीवर त्यांच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी शेजाऱ्यांशी जोडलेल्या असतात. करून बघा: हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट तळहाताखाली दुमडा आणि अनामिका उचलायचा प्रयत्न करा. ती जेमतेम हलते. हा आळस नाही, जोडणीच तशी आहे.

चार किंवा सात कीच्या खेळात अनामिकेची सुटका नसते. तिथे तिच्याकडून तर्जनीइतक्या वेगाची अपेक्षा ठेवू नका. तिच्या नोट्स वेळेवर पडल्या तरी पुष्कळ झालं.

सराव नेमका कसा करावा?

आधी तुमचा सुखाचा वेग शोधा. म्हणजे असा बीपीएम, ज्यावर तीस सेकंदांचा स्ट्रीम वाजवून झाल्यावर कोपराखालचा हात बोटाने दाबला तर मऊ लागतो आणि श्वास रोखलेला नसतो. पुष्कळांना हा वेग वाटला होता त्यापेक्षा २०-३० बीपीएमने खाली सापडतो. निराश होऊ नका, पाया तिथेच घालायचा आहे.

पहिली पाच-सात मिनिटं या वेगावर किंवा त्याखाली. ओसूमध्ये हाफ टाइम लावला तर मॅप पाऊणपट वेगाने चालतो, म्हणजे २०० चा स्ट्रीम १५० चा होतो. या वेळेत गुणांकडे बघू नका, बोटांच्या उंचीकडे बघा. की सोडल्यावर बोट किती वर जातं? फोनचा स्लो मोशन कॅमेरा बाजूने लावून दहा सेकंदांचं चित्रण करा. बहुतेकांच्या चित्रणात एक बोट कीला चिकटून राहतं आणि दुसरं हवेत उडतं. उडणाऱ्या बोटाचा प्रवास लांबतो, म्हणून ते उशिरा पोचतं.

दुसरी तपासणी कानाची. गाण्याचा आवाज बंद करा आणि कीबोर्डचा आवाज ऐका. ठोके ट-ट-ट-ट असे सारख्या अंतराने यायला हवेत. टट-टट-टट असे जोड्यांनी ऐकू आले तर दोन बोटांमध्ये ताळमेळ नाही, एक बोट दुसऱ्याच्या मागे ओढलं जातंय. यावर उपाय सोपा आणि थोडा कंटाळवाणा आहे. स्ट्रीम नेहमी ज्या बोटाने सुरू करता त्याच्या उलट बोटाने सुरू करा. मजबूत बोटाकडे ताल सोपवायची सवय त्याने मोडते. रोज पाच मिनिटं तरी उलट्या बोटाने काढाच.

मग वेग. इथे लांब स्ट्रीम नकोत, छोटे बर्स्ट हवेत. पाच, सात, नऊ नोट्सचे. सुखाच्या वेगापेक्षा १५-२० बीपीएम जास्त ठेवा, बर्स्ट वाजवा, थांबा, हात सैल सोडा, पुन्हा वाजवा. पाच नोट्सचा तुकडा तुमच्या हाताला घट्ट न होता जमतो, पंचवीसचा जमत नाही. पाच स्वच्छ आले की सात करा. सैल हाताने जो वेग आला तोच तुमचा. घट्ट हाताने काढलेला स्कोअर लीडरबोर्डवर दिसतो, पण पुढच्या आठवड्यात हात त्यातलं काही ओळखत नाही.

शेवटी दम वाढवण्यासाठी एखादा लांब मॅप, तोही सुखाच्या वेगावर. दर आठवड्याला वेग वाढवलाच पाहिजे असा नियम करू नका. दोन-तीन बीपीएमची वाढ टिकली की पुढे जा.

हात ताणून, थरथरवून वेग मिळतो असं सांगतात. ते खरं का?

काही सेकंदांपुरतं खरं आहे. माणसाच्या हाताला नैसर्गिक सूक्ष्म कंप असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. हात ताणला की तो वाढतो आणि काही खेळाडू त्याचाच टॅप करतात. छोट्या, फार वेगवान तुकड्यात नोट्स पडूनही जातात. पण या कंपाला तुमच्या गाण्याचा बीपीएम ठाऊक नसतो, त्यामुळे तो तालात धरता येत नाही, आणि ताणलेला हात लवकर भरून येतो. नव्या खेळाडूने ही सवय लावून घेऊ नये असं मी ठामपणे सांगेन, कारण एकदा लागली की सैल हाताने खेळणं नव्याने शिकावं लागतं.

रोज किती वेळ द्यावा? सलग की तुकड्यांत?

तुकड्यांत. वेगाचा सराव वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. बाकीचा वेळ मजेने खेळा. पूर्ण वेगाने आपटलेलं बोट दहा सेकंदांच्या आतच मंदावायला लागतं, आणि ही दमणूक फक्त स्नायूची नसते, त्यात मेंदूचाही वाटा असतो. त्यामुळे मधली विश्रांती हा सरावाचाच भाग धरा.

याविषयी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. लोकांना कीबोर्डवर बोटांचा एक क्रम १० सेकंद वाजवायला आणि १० सेकंद थांबायला सांगितलं. सुरुवातीची सुधारणा वाजवताना कमी आणि थांबल्यानंतर जास्त दिसली. ही सुधारणा खरोखर शिकण्याची की नुसता थकवा उतरल्याची, यावर संशोधकांमध्ये वाद चालू आहे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष तोच राहतो: दम खाऊन वाजवलेले छोटे तुकडे सलग रेटण्यापेक्षा चांगले.

झोपही तितकीच महत्त्वाची. बोटांचे शिकलेले क्रम रात्रीच्या झोपेनंतर जास्त सफाईने येतात हे २००२ पासूनच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे. रात्री दोनपर्यंत जागून त्याच मॅपचे प्रयत्न करत बसण्यापेक्षा अर्ध्यात सोडून झोपा आणि सकाळी एकदा वाजवून बघा.

आधी वेग आणावा की अ‍ॅक्युरसी?

दोन्ही एकाच गोष्टीतून येतात. ओसूमध्ये ओडी (वेळेच्या नेमकेपणाची कडक पातळी) ८ असताना एका नोटचे पूर्ण ३०० गुण मिळवायला नोटच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ३२ मिलिसेकंदांची मुभा असते. ओडी १० ला ती २० वर येते. सम ठोका देणारा हात यात आरामात बसतो, जोड्यांनी पडणारा हात बसत नाही. निकालाच्या पानावर अनस्टेबल रेट दिसतो तो हेच मोजतो. तो तुमच्या चुकांच्या विखुरण्याचा दहापट आकडा असतो, म्हणजे १०० दिसला तर ठोके साधारण १० मिलिसेकंदांनी मागेपुढे होताहेत. वेग वाढवल्यावर हा आकडा थोडा चढेलच. तो आठवडाभर चढलेलाच राहिला तर वेग एक पायरी उतरवा.

सहा महिने झाले, एक बीपीएमही वाढला नाही. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही तेच ते त्याच पद्धतीने करताय. हात एका ठरावीक हालचालीत पक्का बसला की आणखी तासांनी ती हालचाल पक्कीच होते, वेगवान होत नाही.

जपानमधल्या शिनिची फुरुया यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये पियानोवादकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मला फार आश्वासक वाटतो. ११८ वादक, सगळे कसलेले. त्यांनी आधी दोन आठवडे घरी सराव केला, वेग वाढायचा थांबेपर्यंत. मग त्यांच्या हाताला एक यंत्र बसवलं, जे प्रत्येक बोट स्वतंत्रपणे, त्यांना स्वतःला जमणार नाही अशा वेगाने हलवत होतं. वादकांनी काहीच करायचं नाही, फक्त अनुभव घ्यायचा. अर्ध्या तासानंतर यंत्र काढलं तर त्यांची बोटं आधीपेक्षा वेगाने चालत होती, आणि यंत्र न लावलेला दुसरा हातही सुधारला होता. अडथळा स्नायूंतच असता तर दुसऱ्या हाताला काय फायदा झाला असता?

असलं यंत्र आपल्याकडे नाही, पण विचार उचलता येतो. हाताला नवा अनुभव द्या. कधीही न वाजवलेल्या रचना घ्या. ट्रिल (दोन की पटापट आळीपाळीने), तीन-तीनचे तुकडे, मधे गाळलेल्या नोट्सचे स्ट्रीम. खुर्चीची उंची बदला. आठवडाभर दुसऱ्या हाताने टॅप करा. डबल टाइम लावून मॅप दीडपट वेगाने नुसता ऐका आणि त्यातले फक्त तीन-तीन नोट्सचे तुकडे पकडा. आणि एकदा पूर्ण आठवडा विश्रांती घ्या. अडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा हात मुळात दमलेला असतो.

खेळताना हात भरून येतो आणि कधी दुखतोही. कितपत चालवून घ्यावं?

भरून येणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपराखालचा हात जड होणं, गरम वाटणं, दोन मिनिटं थांबल्यावर उतरणं, हे साध्या दमणुकीचं लक्षण. एका जागेवर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, दुसऱ्या दिवशी सकाळी असलेलं दुखणं, मुंग्या, बधिरपणा, कप उचलताना पकड सुटणं, यांपैकी काहीही असेल तर खेळ थांबवायचा. त्याच दिवशी. वेदना सहन करून वेग वाढत नाही, आणि कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्या स्नायूंपेक्षा फार सावकाश बऱ्या होतात. दोन आठवड्यांत सुटणारी गोष्ट रेटत राहिल्यामुळे सहा महिने चालते.

जागेवरून अंदाज येतो. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मुख्य शीर (मज्जातंतू) जाते. तिथे सूज आली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, विशेषतः रात्री. करंगळी आणि अनामिकेची दुसरी बाजू मुंग्या देत असेल तर बहुधा कोपरातली शीर दाबली जाते. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना हे होतं. टेबलाला मऊ कापडाची घडी लावा, कोपर फार दुमडू नका. मनगट वर वाकवून कीबोर्डवर टेकवण्याची सवय असेल तर कीबोर्डचे मागचे पाय मिटा आणि मनगट सरळ ठेवा.

आठवडाभर विश्रांती घेऊनही फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि गेमचं खरं सांगा. किती तास, कोणती बोटं, कोणत्या वेगाने. नुसतं कॉम्प्युटरचं काम करतो म्हटलं तर उपचार भलतीकडे जाऊ शकतात. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला बसू नका. थांबायचा इशारा देणारी गोष्टच त्याने बंद होते.

दुखत नाही, पण एक बोट आपोआप आत वळतं किंवा दोन बोटं एकदम पडतात.

मधूनमधून होत असेल तर दमणूक, नाहीतर घट्टपणा. पण विश्रांतीनंतरही फक्त खेळतानाच बोट सतत वळत असेल आणि एरवी तोच हात व्यवस्थित चालत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. एकाच हालचालीच्या अतिसरावात मेंदूतली बोटांची आखणी बिघडण्याचा एक विकार आहे, वादकांना तो होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात असाच गेला आणि दोन्ही हातांनी वाजवायला परत यायला त्यांना तीसेक वर्षं लागली. हा विकार विरळा आहे. पण त्यावर जोर लावून सराव केला तर तो वाढतो, म्हणून इथे लिहिला.

मी फोनवर अंगठ्यांनी खेळतो. वेग वाढेल का?

थोडा. अंगठा पकडण्यासाठी घडलेला आहे, वेगाने आपटण्यासाठी नाही, शिवाय फोनचं वजनही त्याच हातांवर असतं. फोन टेबलावर सपाट ठेवा आणि तर्जन्या, जमलं तर मधली बोटंही वापरा. सुरुवातीचे काही दिवस सगळं चुकेल, मग अंगठ्यांना न जमणारे तुकडे जमायला लागतील. अंगठ्याच्या बुंध्याशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर अंगठ्याने खेळणं बंदच करा.

महाग कीबोर्ड घेतला की वेग वाढतो का?

अडथळा कमी होतो, वेग तुमचाच असतो. साधी मेकॅनिकल लाल स्विच (बटणाखालची कळ) २ मिलिमीटरवर नोंद घेते आणि एकूण ४ मिलिमीटर खाली जाते. तिचं बटण ठरलेल्या उंचीपर्यंत वर आल्याशिवाय पुढचा ठोका धरला जात नाही. नेदरलँड्सच्या वूटिंगसारख्या कंपन्यांच्या चुंबकीय स्विचमध्ये रॅपिड ट्रिगर असतो. बोट जरासं वर आलं की बटण सुटलं असं धरलं जातं. सोडायला उशीर करणाऱ्या बोटाला याची खरीच मदत होते.

पण १७० च्या खाली असाल तर हा खर्च करू नका. साधा मेकॅनिकल कीबोर्ड पुरतो. लॅपटॉपच्या कीबोर्डवरही सुरुवात करता येते, फक्त तो एकाच वेळी किती की ओळखतो ते बघून घ्या.

ब्लूटूथ इअरफोन चालतील का?

नाही. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो आणि इथे आपण ३२ मिलिसेकंदांचा हिशोब करतोय. ऑफसेट (गाणं आणि नोट्स मागेपुढे सरकवायची सेटिंग) बदलून गाणं जुळेल, पण तुमच्या टॅपचा आवाज उशिराच येणार. वायरचे इअरफोन घ्या.

तबला शिकलेल्यांना फायदा होतो का?

होतो, पण वाटतो तिथे नाही. द्रुत लयीतलं तिरकिट ऐकून वाटतं की एक बोट किती पळतंय. प्रत्यक्षात ते वाटून दिलेलं असतं. ति आणि ट मधल्या बोटाने किंवा अनामिकेसह, र तर्जनीने, कि डाव्या हाताने डग्ग्यावर. घराण्यागणिक थोडा फरक. म्हणजे तिथेही एकेका बोटाचा वेग मोठा नसतो, वाटणी नेमकी असते.

खरा फायदा लयीच्या समजेचा. तबल्याचा विद्यार्थी तोच कायदा (बोलांची ठरलेली रचना) बराबर, दुगुन आणि चौगुन वाजवतो, मूळ लय न हलवता. हीच पद्धत टॅपिंगला लावा. ९० ची लय धरा, एका ठोक्याला एक, मग दोन, मग चार टॅप, आणि पुन्हा चारवरून दोनवर, एकवर उतरा. उतरताना घाई झाली तर समजा की चौगुनही घाईतच होती. फोनवर लेहरा (तालाला धरून पुन्हा पुन्हा वाजणारी धून) ऐकवणारी अ‍ॅप्स आहेत, मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा त्यावर जास्त वेळ मन लागतं.

टायपिंगचा वेग चांगला आहे. इथे उपयोग होईल?

फारसा नाही. सरकारी टायपिंग परीक्षेचा इंग्रजी ४० शब्दांचा वेग म्हणजे पाच अक्षरांचा शब्द धरला तर मिनिटाला २०० की, सेकंदाला साडेतीनच्या आत, आणि तेही सगळ्या बोटांत वाटून. रिदम गेममध्ये दोन बोटांनी त्याच्या तिप्पट-चौपट करायचं असतं. हात सरळ ठेवायची सवय मात्र टायपिंग क्लासमधून आलेली असते, ती टिकवा.

खेळाआधी बोटं मोडली तर चालतं? आणि हाताची स्प्रिंग दाबून ताकद वाढवावी का?

बोटं मोडल्याने वेग वाढत नाही आणि सांधेही झिजत नाहीत. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होण्याचा असतो. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासहून जास्त वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत काही फरक आढळला नाही.

स्प्रिंग नको. लाल स्विच दाबायला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, तो सगळ्यांकडे असतो. स्प्रिंगने आवळणारी बाजू आणखी बळकट होते आणि आपल्याला तर सोडणारी बाजू हवी आहे. व्यायाम करायचाच असेल तर पाच बोटांभोवती रबरबँड लावून बोटं सावकाश उघडा-मिटा. दहा-पंधरा वेळा पुरे.

थंडीत बोटं चालत नाहीत, उन्हाळ्यात स्क्रीनला चिकटतात.

दोन्ही खरं आहे. हाताचं तापमान एक अंश उतरलं की शिरेतून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला साधारण दीड-दोन मीटरने कमी होतो, स्नायूही सावकाश सुटतात. नाशिक-निफाडच्या डिसेंबरात सकाळी खेळायचं तर आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवा, कोपरापर्यंत, कारण स्नायू तिथे आहेत. मुंबईच्या मे महिन्यात घामासाठी बीजीएमआय खेळणारे वापरतात ते बोटांचे स्लीव्ह चालतात. टाल्कम पावडर स्क्रीनवर साचते, ती टाळा.

माझं वय चाळीशीकडे आलंय. उशीर झालाय का?

बोट आपटण्याचा नुसता वेग विशी-तिशीत सर्वांत चांगला असतो आणि मग हळूहळू उतरतो. चाळिशीत ही उतरण फार थोडी असते. समपणा, वाचन आणि सैल हात हे मात्र कोणत्याही वयात सुधारतात, आणि बहुतेकांची अडचण तिथेच असते. वॉर्म अप दुप्पट करा, आठवड्यातून दोन दिवस हाताला पूर्ण सुट्टी द्या. २४० चा स्ट्रीम कदाचित येणार नाही. १९० चा स्वच्छ येऊ शकतो, आणि तो ऐकायला फार सुंदर लागतो.

बारावीच्या परीक्षेमुळे तीन महिने खेळ बंद होता. सगळा वेग गेला का?

नाही. हालचालींचे शिकलेले क्रम बरेचसे टिकतात, जातो तो दम आणि वेळेचा नेमकेपणा. पहिल्या दिवशी जुने स्कोअर उघडू नका. जुन्या सुखाच्या वेगापेक्षा २० बीपीएम खाली सुरुवात करा, दहा-पंधरा मिनिटांत थांबा आणि आठवडाभर तिथेच राहा. या काळात जुना वेग अचानक एखाद्या बर्स्टमध्ये येऊन जातो, आणि त्याच मोहात लोक पहिल्या रविवारी चार तास खेळून मनगट सुजवून घेतात. कंडरांनाही पुन्हा सवय व्हावी लागते, त्यांना स्नायूंपेक्षा जास्त दिवस लागतात. दुसऱ्या आठवड्यापासून पाच-पाच बीपीएमने चढा, आणि कीबोर्डचा आवाज सम येतोय का ते रोज एकदा गाणं बंद करून ऐका.